सावरबंदरची लोकसंख्या

झिंज, मनामा
१२ नोव्हेंबर २०२३

यासीनभाई,

सलाम. पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र न फोडता कपाटावर टाकणार, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून आधीच सांगते, काम माझं नाही, तूबाचं आहे. तुझी भाची नववीत गेली. शाळेनं प्रोजेक्ट दिलंय, 'माय नेटिव्ह प्लेस'. आपापल्या मूळ गावाचा भूगोल, लोकसंख्या आणि इतिहास लिहायचा. वर्गातल्या केरळच्या मुलांना त्यांच्या गावांची माहिती नेटवर पानंच्या पानं मिळते. आपल्या सावरबंदरचं नाव टाकलं तर कुठल्या तरी हॉटेलाचा फोटो आला, आणि तेही हॉटेल गुजरातेतलं.

मग बाईसाहेब माझ्याकडे आल्या. "ममी, जस्ट टेल मी. हाउ मेनी पीपल?" मी ऐटीत सांगायला बसले. "तीन बाजूंना पाणी" एवढं म्हटलं आणि गाडी अडली. खाडी उत्तरेला की दक्षिणेला, तेच आठवेना. चौथीत तू हे सगळं माझ्याकडून पाठ करून घेतलं होतंस. बाकीच्यांना एक छडी तर मला दोन, कारण मास्तरांची बहीण. एवढ्या छड्या खाऊन डोक्यात काही उरलं नाही बघ. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथं आले, त्यानंतर गाव म्हणजे दोन वर्षांतून एकदा मिळणारा सुट्टीचा महिना. त्या महिन्यात कोण भूगोल बघतो? नावेदना विचारलं तर म्हणाले, "मी दापोलीकडचा. तुमच्या त्या टोकाचं मला काय विचारतेस?"

तेव्हा तूबाला तूच लिही. तिच्यावर तर तुझा राग नाही ना?

अरादला राहणारा रहिमतुल्ला पुढच्या आठवड्यात रजेवर निघतोय. बायकोच्या माहेरी रत्नागिरीत उतरणार आहे, पण एक दिवस सावरबंदरला जाऊन घर उघडून बघून येईन म्हणाला. त्याच्याबरोबर हे पत्र, खजूर आणि तुझ्या गुडघ्याचं मलम पाठवतेय. मलम परत पाठवू नकोस. मागच्या वेळी ते जसंच्या तसं परत आलं, तेव्हा नावेदनी ते स्वतःच्या पाठीला लावलं आणि मला रडताना बघून वास जास्त झाला का म्हणून विचारलं.

दोन वर्षं झाली, तू माझा फोन घेत नाहीस. महमूदचा घेतोस. तो इथल्या आपल्या गाववाल्यांच्या जमातीचा अध्यक्ष आहे, तो तुला घरांबद्दल विचारतो. मी तुझ्याबद्दल विचारते, म्हणून माझा घेत नाहीस. भाभीच्या चाळिसाव्यानंतर जमातीच्या कॉलवर मी सगळ्यांसमोर बोलले ते बोलले. "एम.ए. झालेला माणूस लोकांच्या कुलपांची राखण करत बसलाय" असं म्हणाले. शब्द कडू होते, खोटे नव्हते. बहारीनला बसलेल्या लोकांनी आपापल्या बंद घरांच्या चाव्या तुझ्याकडे दिल्या, मगरिबला, दिवेलागणीच्या वेळी, घर अंधारात राहू नये म्हणून. भाभी गेली त्या दिवशीसुद्धा तू दफन करून आलास आणि दिवे लावायला निघालास. मी व्हिडिओवर बघत होते. मला तुझी दया आली आणि तोंडातून राग बाहेर पडला. माझं नेहमी असंच होतं, तुला काय मी आज माहीत आहे?

तूबाला लिही.

खदिजा


झिंज
१६ डिसेंबर २०२३

भाई,

रहिमतुल्ला परवा आला. तुझं पाकीट मिळालं. आठ पानं, सरळ रेघेत, एक खाडाखोड नाही. वर 'चि. तूबा हिस'. आठ पानांत माझं नाव कुठं नाही. अगदी 'तुझी आई' असंसुद्धा नाही. शोधून शोधून दमले.

पण तूबाला मराठी भरभर वाचता येत नाही, हे तू विसरलास की मुद्दाम केलंस? कारण मग ते मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं. तू लिहिलंस, 'सावरबंदर हे जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, खाडीच्या मुखाशी वसले आहे. उत्तरेस खाडी, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खारफुटीची दलदल. पूर्वेस जांभ्या दगडाचा सडा. सड्यावरून गावात उतरण्यास पायऱ्यांची एकच पाखाडी आहे.' ती ओळ मी तीनदा वाचली. तूबा म्हणाली, "ममी, इट्स ओन्ली जॉग्रफी."

इतिहासाचा भाग मी तिला दोनदा वाचून दाखवला. सावरीच्या मोठ्या झाडाला गलबतं बांधायचे म्हणून सावरबंदर, हे ठाऊक होतं. पण आपल्याकडची गलबतं सागवान आणि कौलं घेऊन थेट इथं मुहर्रकला यायची आणि खजूर भरून परत जायची, आपला पणजोबा त्यातल्या एका गलबतावर तांडेल होता, हे मला कोणी सांगितलं होतं? मी इथं इतकी वर्षं परकी म्हणून राहिले आणि पणजोबा माझ्या आधी येऊन गेलेला! मग मुंबईची बोट लागायला लागली, बाजारपेठ वाढली, खारवीवाडी भरली. मग माणसं गोदीत गेली, मग आखातात. शेवटी वरच्या अंगाला खाडीवर पूल झाला, एस.टी. पुलावरून वळली, आणि ज्या तरीवर, खाडी ओलांडायच्या त्या होडीवर, अख्खा तालुका आपल्या बंदरात उतरायचा ती तर बंद पडली. 'पूल झाला त्या वर्षी पेठेत बावीस दुकाने होती,' असं लिहून तू पुढच्या ओळीत लगेच दुसरा विषय काढलास. आज किती, ते लिहिलं नाहीस.

लोकसंख्येखाली तर एकच वाक्य. 'रोज मगरिबला गावात एकतीस घरांत दिवे लागतात.' बस्स. तूबानं एकतीसला पाचानं गुणलं आणि आकडा लिहून टाकला. वर एक चित्र काढलं, पाण्याच्या कडेला घरं आणि सगळ्या खिडक्या पिवळ्या. टीचरनी वर्गात सगळ्यांना दाखवलं म्हणे.

आणि काल रहिमतुल्ला बायकोला घेऊन चहाला आला. म्हणाला, "आपा, मी पाखाडीवरून उतरलो तवा मगरिब होऊन गेलेली. सगली घरां उजेडात. मना वाटला, कोनतरी चा देल. पैल्या दाराला हाक मारली, कुलूप. दुसऱ्याला कुलूप. अशी हाका मारीत खाली मशिदीपर्यंत आलो तर पायरीवर मास्तर बसलेले, चाव्यांचा झुबका मांडीवर. मना म्हनाले, तुना चा हवी तर माझ्या घरा चल. बाकी सगली दिवे हायत, मानसां नायत."

एवढं सांगून तो हसला. त्याची बायको हसली नाही.

म्हणजे गावात उरलेली आमिनाबीसुद्धा गेली? रहिमतुल्ला म्हणतो, लेकीनं पावसाच्या आधीच तिला मुंब्र्याला नेलं. मासेमारीसाठी खारवीवाडी मिरकरवाड्याला गेली. दुकान बंद, शाळा तर तू निवृत्त झालास तेव्हाच बंद. मग गावात राहिलं कोण? भाई, तू त्या गावात एकटा आहेस. किती महिने एकटा आहेस? भूगोल लिहायला आठ पानं मिळाली, ही एक ओळ लिहायला जागा नव्हती?

तूबाला मी खरं सांगितलं नाही. तिला चांगले मार्क मिळालेत, राहू देत. पण मला रात्रंदिवस तेच दिसतंय. तू संध्याकाळी एकेका दाराचं कुलूप काढतोस, आत जातोस, बटण दाबतोस, बाहेर येतोस, कुलूप लावतोस. पुन्हा सकाळी सगळं उलट. गुडघ्यांनी असा, डोळ्यांनी तसा. त्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाय घसरला तर हाक कुणाला मारशील?

फोन घे. एकदा घे. मी काही बोलणार नाही, नुसती ऐकेन.

खदिजा


झिंज
२० जानेवारी २०२४

भाई,

तू फोन घेतला नाहीस, म्हणून मी माझ्या पद्धतीनं काम केलं. आता ऐक आणि चिडू नकोस.

शुक्रवारी जमातीची बैठक महमूदच्या घरी अरादला झाली. पुरुष दिवाणखान्यात, आम्ही बायका आत, दार उघडं. अजेंड्यावर मशिदीचा रंग होता. मी आतूनच म्हटलं, रंग कुणाला दाखवायचाय, गावात एकटा मास्तर आहे. मग रहिमतुल्लानं सांगितलं, त्यानं काय बघितलं ते. महमूद म्हणाला, "मास्तरांचे गुडघे गेलेत. रोज एकतीस दारां उघडायची म्हंजे चेष्टा नाय." कुणी म्हणालं, माणूस ठेवू. कुठून ठेवणार? कुणी म्हणालं, दिवे बंद करू. त्यावर सगळेच पुरुष भडकले. एवढी वर्षं घर उजेडात ठेवलं आणि आता अंधार करायचा? बापजाद्यांचं घर भुताचं करायचं?

तेव्हा महमूदनं तोडगा काढला. त्याचं विजेच्या सामानाचं दुकानच आहे. अंधार पडला की आपोआप लागणारे आणि उजाडलं की आपोआप विझणारे बल्ब निघालेत. एकदा बसवले की खलास, बटणाला हात लावायला नको. सगळ्यांना पटलं. एक-दोघांनी नाक मुरडलं, मास्तरांना विचारायला हवं म्हणाले. त्यांना मी गप्प केलं. म्हटलं, तुमच्या घरातल्या बल्बला माझ्या भावाची परवानगी कशाला? बदलून टाका. माझ्या भावाचे पाय मोकळे करा.

रत्नागिरीचा इलेक्ट्रिशियन पुढच्या आठवड्यात येईल. तुझ्याही घरी एक बसवायला सांगितलंय. हे पत्र बल्बांच्या खोक्यातच ठेवलंय, म्हणजे तुला ते उघडावंच लागेल.

आता दुसरी गोष्ट. नावेदनी तुझ्या व्हिजिट व्हिसाचं बघितलंय. मीना सलमान बंदरात त्यांच्या वेअरहाऊसमधला पीआरओ ओळखीचा आहे, त्यानं कागद करून दिलेत. तूबाची खोली तुला, ती माझ्याजवळ झोपेल. खोलीत सकाळचं ऊन येतं. खाली मशीद आहे. वाचायला हवं ते आणू. तुला मी तळहातावरच्या फोडासारखा जपेन. अडवायला आता काही राहिलं नाही. तुझी तिथं कुणालाच गरज नाही, आणि हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या आनंदानं लिहितेय.

ये रे. रमजानच्या आधी ये.

खदिजा


झिंज
१४ एप्रिल २०२४

भाई,

या वेळी गावाकडे जाणारं कुणी सापडलं नाही. मी सगळ्यांच्या घरी विचारलं. रजा असलेले मुंबईला जाणार, पुण्याला जाणार, एक जण तर रजा घालवायला तुर्कस्तानला जाणार. सावरबंदरला कोण कशाला जाईल? तिथं तर बल्बसुद्धा स्वतःचे स्वतः लागतात. म्हणून हे पोस्टानं टाकतेय. पोस्टमन पुलावरूनच परत जातो की खाली उतरतो, देवाला ठाऊक.

तुझ्या चाव्या मिळाल्या. मला नाही, महमूदला. कुरिअरनं खोकं आलं, प्रत्येक चावीला दोरीनं पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर घरमालकाचं नाव आणि कुठलं दार अडकतं, कुठं आधी खांदा लावायचा, ते. सोबत एक चिठ्ठी, 'काम संपले. यासीन.' महमूदनं बैठकीत ती वाचून दाखवली आणि म्हणाला, "मास्तर नाराज झाले काय?" ज्यानं त्यानं आपापली चावी उचलली आणि खिशात टाकली.

नाराज झालास ना? मी तुझ्या भल्याचं केलं आणि तू नाराज झालास. मी ओझं उतरवलं तर तू तोंड फिरवलंस. व्हिसाचं काय, तिकिटाचं काय, त्याला एका शब्दानं उत्तर नाही. रमजान आला आणि गेला. रोज इफ्तारला मी एक ताट जास्त घेत होते आणि तूबा रोज ते परत कपाटात ठेवत होती. शेवटी तिनंच विचारलं, "मामा डझन्ट लाइक अस?" काय सांगू तिला?

ईदला फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी लावला, वाजत राहिला. आज लावला तर बंद येतोय. बंद करून ठेवलास? इतकी नकोशी झाले मी? महमूदनंही लावला नाही म्हणे, तो म्हणतो आता घरांचं काही विचारायचं उरलं नाही, उगाच कशाला त्रास. त्याचं बघ, कसं सोपं आहे.

ईदच्या संध्याकाळी पैलतीरावरच्या तुकारामनं आपल्या ग्रुपवर फोटो टाकला. खाडीतली तर चालवायचा तोच तुकाराम, अजून तुम्हां दोघांचं खाडीवरून हाका मारून बोलणं चालतं असं रहिमतुल्ला सांगत होता. फोटोत सगळं सावरबंदर उजळलेलं, पाण्यात पडलेलं. तुझंही घर त्यात ओळखू आलं, अगदी टोकाचं. खाली त्यानं लिहिलं होतं, 'ईद मुबारक, मास्तरांचं गाव आनंदात आहे.' बघता बघता चाळीस जणांनी माशाल्ला टाकलं. कुवेतवाल्यांनीसुद्धा. मीही टाकलं. तुझ्या घरात उजेड दिसला आणि मला वाटलं, बसला असेल फुगून, पण बसला तर आहे.

तू रागावलास तरी चालेल. पण फोन चालू ठेव.

खदिजा


झिंज
१७ एप्रिल २०२४

भाई,

तुकारामचा फोन आला. त्याच्या घरी सत्यनारायण होता, प्रसाद द्यायला होडी घेऊन तुझ्याकडे आला तर तू पडवीत पालथा पडलेला. शुद्ध होती की नव्हती ते त्याला सांगता येईना. नुसता रडत होता. "आपा, मी रोज बगत होतो हो. रोज मास्तरांचा दिवा लागत होता. दिवा लागला म्हणून मी हाक नाय मारली." किती दिवस पडला होतास ते कुणालाच माहीत नाही. पाण्याचा तांब्या हाताच्या टप्प्याबाहेर होता म्हणे. हे त्यानं मला कशाला सांगितलं?

होडीतून नेलं, पुलावरून अॅम्ब्युलन्स मिळाली. आता रत्नागिरीला अॅडमिट आहेस. डॉक्टर म्हणतात मेंदूतला झटका आहे, आणि वेळ फार गेला.

पूर्वी सगळ्या गावात अंधार दिसला असता. त्याच संध्याकाळी दिसला असता. तुकारामला दिसला असता, फोटोत इथं मला दिसला असता. मी चाळीस जणांत बसून माशाल्ला लिहिलं आणि तू कदाचित त्या वेळी फरशीवर होतास.

नावेद बॅग भरतायत. विमान दुपारचं आहे. हे पत्र मी स्वतः आणतेय, तुझ्या उशाशी बसून वाचून दाखवेन. तू छडी मार, ओरड, तोंड फिरव. पण ऐक.

खदिजा


झिंज
२५ ऑगस्ट २०२४

भाई,

हे पत्र मी स्वयंपाकघरातून लिहितेय आणि तू भिंतीपलीकडच्या खोलीत आहेस. तूबाच्या खोलीत, पलंगावर, उन्हाकडे पाठ करून पेपर वाचत. मला हवं होतं अगदी तसं. व्हिसा, तिकीट, खोली, खाली मशीद, सगळं मी म्हटलं तसं झालं. फक्त तूच आला नाहीस.

रत्नागिरीत दोन महिने काढले तेव्हा मला वाटायचं, बोलायला लागलास की पहिल्यांदा मला शिव्या देशील. मी वाट बघत होते त्या शिव्यांची. तू बोलायला लागलास आणि नर्सला म्हणालास, "या बाईंना खुर्ची द्या." तेव्हापासून तू मला बाई म्हणतोस आणि अहोजाहो करतोस. आधी कळेना. मग लक्षात आलं, तू मला शाळेतली शिक्षिका समजतोस, नवीन बदलून आलेली. माझ्याशी इतक्या अदबीनं तू जन्मात बोलला नव्हतास. दोन वर्षं बोलला नाहीस त्याचा मला इतका त्रास झाला नाही, जितका या अदबीचा होतो.

इथल्या डॉक्टरनं बरंच समजावलं. काय राहील आणि काय जाईल सांगता येत नाही म्हणाला. तुझे पाढे राहिलेत, एकोणतीसपर्यंत. परवा तूबाचं गणित बघून तू तिची चूक काढलीस, आणि ती मराठीत म्हणाली, "हो मामा, चुकलं." पहिल्यांदा मराठीत उत्तर दिलं तिनं. पेपर वाचतोस, नमाज चुकत नाही, नावेदांना 'साहेब' म्हणून उठून उभा राहतोस. भाभीचं नाव काढलं तर नुसता हसतोस. डॉक्टर म्हणाला, जुन्या गोष्टी लिहून वाचायला द्या, ओळखीचं अक्षर बघून काही जागं झालं तर होईल. म्हणून लिहितेय. माझं अक्षर तर तूच वळवलंस.

तर ऐक. मी तुझी बहीण खदिजा. मी सात वर्षांची असताना आपले बाबा गेले आणि त्यानंतर मला तूच वाढवलंस. माझ्या लग्नाच्या दिवशी तू मागीलदारी जाऊन विहिरीचं पाणी उगाच शेंदत बसला होतास आणि भरलेली कळशी परत विहिरीत ओतत होतास, मी खिडकीतून बघितलं. तू सावरबंदरचा शेवटचा माणूस. आता तिथं कुणी नाही. महमूदनं मागच्या महिन्यात सांगितलं, वादळात लाइन तुटली आणि वीज मंडळ म्हणतं, तक्रार करायला गावात कुणी ग्राहक आहे का? पुरुष बसून राहिले. कुणी जायला तयार झालं नाही. मशिदीत आता बांग होत नाही. हे तुला लिहायला नको होतं बहुतेक. पण तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं? ते गाव कसं होतं हे विचारायला तुझ्याशिवाय माझं कोण आहे?

तुझ्या व्हिसाची मुदत वाढवून घेतली आहे. पुढं काय, नावेद म्हणतात बघू. परत पाठवायचं तर पाठवणार कुठं?

काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर तुला अरादला नेलं, किल्ल्याजवळ, पाण्याच्या कडेला. नावेद आणि तूबा पुढं चालत होते. आपण दोघं बाकावर बसलो. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. तू बराच वेळ तिकडं बघत होतास. मला उगाच आशा वाटली. मग माझ्याकडे वळून तू शाळेतल्या आवाजात विचारलंस, "बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

मी म्हटलं, "सावरबंदरची."

मी सांगत गेले. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. खाडीच्या तोंडावर. उत्तरेला खाडी, पश्चिमेला समुद्र, एकच पाखाडी खाली उतरते. पूर्वी गलबतं लागायची. पेठ होती, खाडीत तर होती, मास्तर होते. सगळं सांगितलं, एकही गोष्ट चुकले नाही. तू मान हलवत, फार लक्ष देऊन ऐकलंस.

"नाव ऐकलेलं नाही," तू म्हणालास. मग मला वाईट वाटू नये म्हणून माझ्याकडे बघून हसलास. "लांब असेल."

मी म्हटलं, "हो. लांब आहे."

खदिजा